गोमाच्या पट्ट्याची लहर

...आणि तो सरकारी साहेब माझ्या ट्रकच्या दाराशी उभा राहून मला विचारतो काय, तर "आजी, परवाना आहे का?" आता तुम्हीच सांगा! बंदुकीचा परवाना आहे, शिकारीचा आहे, गाडीचा आहे, कुत्रीला लस टोचल्याचं कार्ड आहे, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात लावून ठेवलेलं. मी डबाच उघडून त्याच्या नाकासमोर धरला. तर हा कमरेत वाकला. वाईट बोलायच्या आधी हा माणूस वाकतो, हे मला नंतर कळलं. वाकून म्हणाला, "हे सगळं उत्तम आहे. पण मी कुत्रीच्या पट्ट्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींबद्दल विचारतोय." लहरींचा परवाना! कुत्री माझी, डोंगर गावाचा, आणि हवा म्हणे सरकारची!

तुम्हाला सांगते, मी सुएको, वय सदुसष्ट, माझी जपानच्या शिकोकू बेटावर, डोंगरात, युझूची म्हणजे आमच्याकडच्या लिंबांची बाग आहे. आमच्या गावात माणसं उरली एकोणीस आणि रानडुकरं किती ते कुणी मोजलंच नाही! बाग उकरून उकरून वाट लावली, तेव्हा नवऱ्याने बंदूक घेतली, तो गेल्यावर मी घेतली. आणि डुक्कर काही आपण शोधत नाही हो, कुत्री शोधते, माझी गोमा. ती धावते, आपण मागून धापा टाकत जायचं. ती कुठे गेली ते कळायला गळ्यात यंत्राचा पट्टा. पूर्वी माझ्याकडे सरकारमान्य पट्टा होता. अगदी कायदेशीर! बिचारा सपाट जमिनीवर छान चालायचा. आमच्याकडे सपाट जमीन म्हणजे शाळेचं मैदान, आणि शाळा बंद पडून बारा वर्षं झाली. दरीत उतरलं की यंत्र मुकं. गोमाची आई शिबु अशीच दरीत गेली मागच्या हिवाळ्यात. नवव्या दिवशी सापडली... म्हणजे पट्टा सापडला. जाऊ दे.

मग जावई अमेरिकेला कामाला गेला होता, त्याने येताना हा पट्टा आणला. काय सांगू तुम्हाला! हातातल्या यंत्रावर नकाशा, नकाशावर ठिपका, ठिपका म्हणजे गोमा! तीन डोंगरांपलीकडे गेली तरी दिसते. पाणी प्यायला थांबली तरी कळतं. एवढं तर मला जावयाचंही कळत नाही!

पण तिकडे आमचा कुसुनोसे. एकाहत्तर वर्षांचा, माझा शिकारीचा जोडीदार आणि गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख. दर रविवारी त्याच्या पथकाच्या वायरलेसमध्ये आवाज यायला लागला. टिक... टिक... टिक... हा घाबरला! मला येऊन सांगतो, "सुएको-सान, आधीचे प्रमुख वारले ना, तेच बोलतायत. त्यांना बोलताना मध्येमध्ये जीभ वाजवायची सवय होती." मी म्हटलं, रविवारीच बरे बोलतात! तर म्हणे, "जिवंतपणी रविवारीच मोकळे असायचे ना!" आणि या शहाण्याने मला न विचारता लहरींच्या सरकारी ऑफिसला तक्रार धाडली. टिकटिक कुणाची? गोमाच्या पट्ट्याची! ती अमेरिकेतली लहर इथे नेमकी पथकाच्या वायरलेसवर पडत होती. दर रविवारी माझ्याबरोबर डुक्कर मारतो, रस्सा ओरपतो, आणि तक्रार करतो माझ्याच कुत्रीची!

तर त्या रविवारी काय झालं, एक डुक्कर पडलं, दुसरं पळालं, गोमा त्याच्या मागे. मी जंगलाच्या रस्त्यावर ट्रकपाशी उभी. ठिपका पळतोय, पळतोय... आणि थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चाळीस मिनिटं. हलेना. शिबुचंही असंच... मी काठी उचलली, निघणार, तेवढ्यात ही पांढरी गाडी. टपावर तीन अँटेना. आतून उतरला हा हाबुचि-सान. तिशीचा, काळा कोट, चकचकीत बूट, सर्दी झालेली. टिकटिकीचा माग काढत काढत थेट माझ्यापर्यंत!

मी म्हटलं, "साहेब, काय दंड करायचा तो करा, पण उद्या. माझी कुत्री अडकलीय." हा वाकला. मी मनात म्हटलं, आलं काहीतरी. "आजी, वापर या क्षणापासून थांबवायला हवा. आग लागली आणि पथकाला हाक ऐकू गेली नाही तर?" आता हे खरं होतं हो. त्याचाच तर राग येतो, समोरचा बरोबर बोलत असला की! मी रागारागात यंत्र बंद केलं, त्याच्या हातात कोंबलं. त्याने ते पिशवीत घातलं, पिशवी चिकटवली, वर शिक्का मारला, माझी सही घेतली. आणि गाडीत डोकावून म्हणतो, "लहर अजून चालूच आहे."

"असणारच! पट्टा कुत्रीच्या गळ्यात आहे."

"तो बंद करा."

"कुत्री डोंगरात आहे."

"कुठे?"

"ते त्या पिशवीत आहे!"

दोघंही पिशवीकडे बघतोय. मी म्हटलं, फोडा. म्हणे, पुरावा आहे, शिक्का मोडता येत नाही. मग मारला कशाला? म्हणे, तुम्ही दिलंत म्हणून. कुत्री माझी, डोंगर गावाचा, हवा सरकारची, आणि आता पिशवीसुद्धा सरकारची!

तेवढ्यात कुसुनोसे आला. त्याला सगळं कळलं, म्हणजे टिकटिक कुणाची तेही कळलं. गाडीतून पथकाचा दोर घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चला." मग हाबुचि-सानने काय केलं माहितीये? गाडीतून हातातली अँटेना काढली, माशाच्या काट्यासारखी, कानाला यंत्र लावलं आणि त्या चकचकीत बुटांनी चढायला लागला! मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कुठे?" तर शिंकला, वाकला, आणि म्हणाला, "लहर बंद करणं माझं काम आहे, आजी."

दोन तास! तुम्हाला सांगते, दोन तास तो माणूस घसरतोय, पडतोय, उठतोय, अँटेना मात्र डोक्यावर उंच धरलेली. "डावीकडे... नाही, मागे... हा प्रतिध्वनी आहे, क्षमा करा." क्षमा कुणाची मागतो? देवदाराच्या झाडाची! मला फक्त शिबुचा पट्टा दिसत होता, चिखलातला.

आणि ओढ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या बंधाऱ्यापाशी तो थांबला. "इथे." खाली वाकून बघितलं तर गोमा! पाण्याच्या कडेला पडलेली, कुशीत डुकराच्या सुळ्याची खोल जखम, वर यायला भिंत उभी. मी हाक मारली. शेपूट हलली. एवढीशी. पण हलली!

मी दोर कमरेला बांधायला लागले, तर कुसुनोसे ओरडला, "तुझं वय काय?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा कमी!" आम्ही भांडतोय तोवर हाबुचि-सान दोर बांधून उतरलासुद्धा. अनोळखी माणूस, जखमी शिकारी कुत्री, मला वाटलं आता फाडते याला. तर हा गुडघाभर गार पाण्यात उभा राहून आधी तिच्यापुढे वाकला! कुत्रीपुढे! मग पट्टा काढला, बटण दाबलं, घड्याळ बघितलं, "तीन वाजून बारा मिनिटं, लहर बंद," असं स्वतःशीच म्हणाला, आणि मग तो कोट काढून त्यात तिला गुंडाळलं. तिने त्याचं नाक चाटलं. सर्दी झालेलं नाक! आम्ही दोघांनी वर ओढलं, तेव्हा मी रडत होते, कुसुनोसे रडत होता, आणि हाबुचि-सान शिंकत होता.

गोमाला अठरा टाके पडले. मला माफीपत्र लिहायला लागलं, तीन प्रतींत. पट्टा गेला. दंड नाही झाला, त्याने अहवालात लिहिलं की बाईंनी यंत्र आपणहून दिलं. आपणहून! फेकून मारायचं राहिलं होतं फक्त! आता जखम भरलीय, आणि गोमाच्या गळ्यात नवा सरकारमान्य पट्टा आहे. जुन्यापेक्षा बरा, पण दरीत अजूनही कुरकुरतो. मी ऑफिसला तसं खरमरीत पत्र लिहिलं. कुत्री माझी, डोंगर गावाचा, हवा तुमची ना? मग तुमच्या हवेत माझी कुत्री सापडेल असं काहीतरी करा!

उत्तर आलं नाही, हाबुचि-सानच आला. पुढच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीने, डोंगरात चालायचे नवे बूट घालून. म्हणे, "दरीत लहर कुठे तुटते ते मोजून वर कळवतो." त्या दिवसापासून दर रविवारी येतो. अँटेना घेऊन दिवसभर गोमाच्या मागे हिंडतो, वहीत काहीतरी लिहितो, तीही आता डुक्कर सोडून मध्येमध्ये याला बघायला परत येते, शिकारीचा पार बोजवारा! आणि संध्याकाळी मी मोठ्या मायेने रानडुकराचा रस्सा वाढला पहिल्यांदा, तर हा वाटीकडे बघून... वाकला. मी म्हटलं, झालं!

मांस खात नाही तो. लहानपणापासून!

आता सांगा, बावीस वर्षं बंदूक चालवतेय मी, फ्रीज डुकराने भरलेला, आणि रविवारी संध्याकाळी माझ्या चुलीवर काय शिजतं? टोफू!