भरतीला गेलतो आम्ही

मंडळी, नमस्कार. काकू, तुम्हालाबी. माईकवर बोलायची माझी ही पहिलीच खेप. मधीच थांबलो तर सांभाळून घ्या. मी शिवा. मगदूम सरांच्या जीपचा ड्रायव्हर.

आत्तापर्यंत मोठी माणसं बोलली. किनाऱ्यावर जेटी, बंदर, हॉटेल काय बी बांधायचं झालं, तर तिथल्या पाण्याचं, माशांचं, माणसांचं काय नुकसान होईल ते सर कसे तपासायचे, अहवाल कसा लिहायचे, सगळं सांगितलं. खरं हाय. पण सरांची एक चूक कुणी सांगितली न्हाय. ती मी सांगतो, कारण ती माझी हाय.

एका खाडीत जेटी व्हायची होती. आम्ही सकाळी कोल्हापुरासनं निघालो, घाट उतरलो, दुपारी बाराला खाडीवर. सगळीकडं नुसतं पाणी. चिटपाखरू न्हाय. सर म्हणाले, "शिवा, संध्याकाळपर्यंत थांबूया का?" मी म्हटलं, "सर, उजेडात घाट चढलेला बरा." घरला जायची घाई मला. सरांनी ऐकलं माझं. अहवालात लिहिलं, या जागेचा कुणी वापर करत नाही.

मग गावात सुनावणी लागली. साहेबलोक खुर्च्यांवर, सर त्यांच्यात. मागनं एक बाई उठली. ओरडली न्हाय, भांडली न्हाय. सरळ विचारलं, "सर, तुमी ईलास तेवा भरती होती काय सुकती?"

सुकती म्हणजे ओहोटी. पाणी गेलं की तिथं चिखल उघडा पडतो, आणि गावातल्या बाया तिसऱ्या काढायला उतरतात. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. त्यावर त्यांच्या चुली पेटतात. आम्हा घाटावरच्यांना काय माहीत? आम्ही गेलतो भरतीला.

सर उठले. म्हणाले, "माझा अहवाल चुकला आहे. तो धरू नका. मी परत येतो." बास. ड्रायव्हरनं घाई केली, असं एका शब्दानं म्हणाले न्हाईत. त्या दिवशी न्हाय, पुढं कधीच न्हाय. जेटीवाल्या कंपनीनं मात्र सरांना परत बोलावलं न्हाय.

तरी सर जातच राहिले. वर्षभर दर अमावस्या-पुनवेला, पाणी सगळ्यात लांब हटतं तेव्हा, आम्ही खाली कोकणात. संध्याकाळी पाणी हटलं की मी हाक मारायचो, "सर, पाणी गेलं." सर म्हणायचे, "चला मग." पँट गुडघ्यापर्यंत वर आणि चिखलात. जैनाचं माणूस, कांदासुद्धा खात न्हाय, आणि तिसऱ्या मोजतंय. बाया हसायच्या, "सर, तुमी खानास नाय, मगे मोजतास कित्याक?" सर म्हणायचे, "एकदा न मोजता गेलो होतो, म्हणून."

जेटी शेवटी पलीकडं खडकाच्या अंगाला सरकली. बाया अजून तिथंच उतरतात.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं कळंब्याच्या तळ्यावर फिरायला जायचो. सर पाण्याकडं बघत म्हणायचे, "शिवा, हे पाणी कुठं जात नाही रे. करमत नाही." गेल्या आठवड्यात दवाखान्यात सरांनी विचारलं, "आज तिथी कुठली?" म्हटलं, "अष्टमी, सर." "म्हणजे दुपारी सुकती. जाऊया का?" मी म्हटलं, "बरं वाटू दे, मग जाऊ." गेलो असतो तर काय बिघडलं असतं हो? जीप खालीच उभी होती की.

आज अमावस्या. अमावस्येला शोकसभा नको, असं काहीजण म्हणत होते. काकू म्हणाल्या, "त्यांचा खाली जायचा दिवस तोच." सहा वाजत आलेत. खाडीत बाया उतरल्या असतील. मला आत्ता, ह्या घडीला जीप काढावीशी वाटतीया. लई वाटतीया. पण शेजारच्या सीटवर कुणाला बसवू?

मंडळी, उभं राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका. आज मला घरला जायची घाई न्हाय.

सर, पाणी गेलं.