बटण दाबलं कुणी?

अन् जो उठतो तो एकच विचारतो, "बटण दाबलं कुणी?" अरे, दाबलं असंल कुणीबी, पण त्याच्या आधी काय झालतं ते विचारा की! ते कुणी विचारत न्हाई. तुमाला सांगतो, मी सटवाजी, वालूरच्या शाळेचा शिपाई, अन् ही त्र्याण्णव सालातली गोष्ट, अन् तिच्यात चूक कुणाची होती ते मला सोडून तिघांनाच ठाऊक हाय.

झालं काय, आमच्या संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव, त्यांनी शाळेत कॉम्प्युटर आणलं. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला, अन् मग सगळे एकमेकाच्या तोंडाकडं बघायलेत, हे चालवायचं कुणी? हेडमास्तर दिनकरराव तर दोन हात लांब उभे, जसं काय ते चावणार हाय. मग पुढं आल्या आमच्या क्लार्क, विमलबाई. सात वर्षं नोकरी झालेली, अजून कच्च्याच, पर्मनंट न्हाईत. पण ह्या बाईनं, कुणी सांगितलं नसताना, तीन महिने दर रविवारी एसटीनं परभणीला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला, अन् मग ते मशीन असं चालवायला लागली, जसं काय माहेराहून आणलंय.

त्याच साली परभणीच्या शिक्षण हापिसातून यादी मागवली. कच्च्या माणसाला पक्कं करायची यादी, बगा. चौदा नावं. तेरावा मी, चौदाव्या विमलबाई. कोण कवा लागलं, कुणाचं सर्टिफिकेट कोणतं, कुणाची सेवा कुठं तुटली, सगळं बाईंनी महिनाभर मान मोडून मशीनमधी घातलं. शनिवारी काम संपलं. म्हणाल्या, "सोमवारी छापू सटवाजी, गुरुवारी पाचच्या आत परभणीला पोचलं की झालं."

अन् सोमवारी बाईंनी बटण दाबलं... फट्ट! मागून धूर, जळका वास, पडदा काळा. खलास.

दिनकरराव पळत आले. "शनिवारी तर चालू होतं. बटण दाबलं कुणी?" मास्तर लोकं आले, ज्यांची नावं यादीत होती ते, तोंडं अशी की घरात कुणी गेलंय. "बटण दाबलं कुणी?" विमलबाईंनी. झालं, निकाल लागला.

दुसरं कुणी असतं तर घरी गेलं असतं. बाईंनी काय केलं, भिंतीतल्या त्याच प्लगात टेबलावरचा दिवा लावला. लागला. म्हंजे भिंतीतली लाईट ठीक. मग वायर बदलून बघितली. मशीन मेलेलंच. मग पान्यानं डबा उघडला अन् सरळ आत नाक घातलं, अन् मागच्या कोपऱ्यातली एक पत्र्याची पेटी दाखवली. "वास हितून येतोय. हा पावर सप्लाय. भिंतीतली लाईट ह्याच्यात येते, हा ती बारीक करून सगळ्यांना वाटतो. नुसता हाच जळाला असंल तर यादी जिवंत हाय."

मग विहिरीच्या जळालेल्या मोटारींची तार भरणाऱ्या चंद्रभानला बोलवलं. त्यानं पेटी खोलली, तर फ्यूज काळाकुट्ट. तो म्हणाला, नवा टाकू का? बाई म्हणाल्या, "थांबा भाऊ, आधी हा उडाला कशानं ते बगा." चंद्रभाननं आत बॅटरीचा उजेड टाकला, तर सेलाएवढे दोन कॅपॅसिटर फुगून फुटलेले. त्यानं पेटी फिरवली, पाठीमागं एक बारकं लाल बटण, अन् त्याच्यावर आकडा एकशे पंधरा.

"हितं दोनशे तीस पाहिजे बाई. एकशे पंधरा ही परदेशातली लाईट. कुणीतरी बटण एकशे पंधरावर सरकवलंय, अन् भिंतीतनं आली दोनशे तीस, म्हंजे दुप्पट पाजली."

बाईंनी त्या लाल बटणावर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "सटवाजी, शनिवारी मी गेल्यावर हितं कोण आलतं?"

आता ऐका. मी होतो ना तिथं! फडकं माझ्या हातात होतं. अध्यक्षसाहेब आले, मशीनच्या मागं वाकले अन् जीपच्या चावीनं ते लाल बटण सरकवलं. काय म्हणाले? "दोनशे तीस कामून पाहिजे ह्याला? एकशे पंधरा केलं की लाईटबिल निम्मं."

अन् मी बाईंना काय म्हणालो? "मी झाडायलो होतो बाई. ध्यान न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुन्हा विचारलं न्हाई. चंद्रभाननं पाना पिशवीत घातला.

बुधवारी मशीन गोधडीत गुंडाळलं, सेलूला गाडी बदलून परभणीला नेलं, उचलायला मी. सगळी वाट बाईंनी ते मांडीवर धरलं. क्लासच्या सरांनी दुसरी पेटी बसवली, लाल बटण बाईंनी तीनदा बघितलं. मग पडद्यावर यादी आली, चौदाच्या चौदा. सर म्हणाले, "बाई, रडायलात कामून?" म्हणाल्या, "डोळ्यात धूर गेलाय." धूर सोमवारचा.

गुरुवारी सकाळी शाळेत छापलं अन् अध्यक्षसाहेबांकडं दस्तखताला नेलं. साहेबांचा पेन खाली खाली येत, तेराव्या माझ्या नावावरून सरकून, चौदाव्या नावावर थांबला.

"बटण दाबलं कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या. "पण साहेब, त्याला मागं एक लाल बटण हाय."

 दिनकरराव खिडकीबाहेर बघायलेत. साहेबांनी मान वळवली ती सरळ माझ्याकडं. "का रे सटवाजी, तुला काही ठाऊक हाय?"

"न्हाई साहेब."

साहेबांनी चौदाव्या नावावर काट मारली. "नवी प्रत काढा."

आता काढणार कोण? ते येतंय कुणाला? बाईच बसल्या, स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं, खाली एकूण तेरा केलं, छापलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "पळा सटवाजी, दुपारची गाडी हुकंल." अन् तुमाला सांगतो, मी पळालो. काय पळालो!

दिवाळीच्या आत मी पक्का झालो. बाई तोवर शाळेत राहिल्या न्हाईत, सेलूला टायपिंगच्या क्लासात लागल्या. मशीन चांगलं हाय, चालवणारं कुणी न्हाई. तुमी म्हणताल, सटवाजी, एक शब्द बोलला असतास तर यादी चौदाची गेली असती.

न्हाई हो. बाराची गेली असती.