नकाशावरचा लाल गोल

लेक : …आणि हे हिरवं म्हणजे फवारणीला मोकळं रान.

बाबा : समुद्रात गवत उगवलं म्हण की!

लेक : थट्टा नको, बाबा. चारला बंदराच्या कचेरीत सह्या आहेत. जहाजाचं तेल सांडलं, तर या हिरव्या भागात तटरक्षक दलाचे कॅप्टन कुणालाही न विचारता औषध फवारणार. काही तासांत तेल घट्ट होतं, मग औषध लागू पडत नाही. म्हणून आधीच ठरवून ठेवायचं.

बाबा : फवारलं की तेल जातं?

लेक : जात नाही. वरचा थर फुटतो आणि बारीक थेंब होऊन पाण्यात उतरतो. किनारा वाचतो, पाखरं वाचतात.

बाबा : आणि खालच्यांनी काय घोडं मारलंय?

लेक : म्हणून तर मासळी अंडी घालते तिथं लाल. तिथं फवारायचं नाही. हा बघा, काळ्या खडकाजवळचा गोल. कुणी सांगितला होता, माहितीय? तुम्ही! वीस वर्षांपूर्वीच्या पाहणीत लिहिलंय, 'अनुभवी मच्छीमाराच्या सांगण्यावरून'. अख्ख्या कचेरीला दाखवलं मी, हे माझे बाबा म्हणून.

बाबा : चहा गार होतोय तुझा.

लेक : होऊ दे. आधी हा गोल बघा ना.

बाबा : चष्मा दे इकडे. हं… हा गोल पुसता येईल?

लेक : का?

बाबा : तिथं काही नाही. नुसती वाळू आहे.

लेक : अहो, पण तुम्हीच सांगितलंत ना!

बाबा : मीच. कोटातला एक साहेब आला, वही काढून विचारायला लागला. ज्या जागेवर माझं घर चालतं ती त्याला सांगू? दुसऱ्या दिवशी सगळं बंदर तिथं लोटलं असतं. खडक आला की मी होडीचा दिवा मालवतो, तो काय उगाच? म्हणून दिलं ठोकून.

लेक : मग खरी जागा कुठली?

(बाबांचं बोट नकाशावर फिरत फिरत एका ठिकाणी थांबतं.)

लेक : अगं बाई! हे तर हिरव्याच्या मधोमध. मी स्वतः रंगवलंय!

बाबा : पाणी खोल दिसतं, पण खाली उंचवटा आहे. गाभोळीची मासळी तिथंच येते.

लेक : कचेरीत काय तोंड दाखवू मी? आणि… थांबा. मोठे काका त्या गोलाच्या कडेलाच जाळं टाकतात ना?

बाबा : त्या पाहणीचा नकाशा तेव्हा धक्क्यावर लावला होता. दादा म्हणाला, छापलंय म्हणजे खरंच असणार. वाटलं, वर्षभरात कंटाळेल. पण दादा कसला हट्टी! मग सांगायची हिंमतच झाली नाही.

लेक : म्हणून रोज मला त्यांच्याकडे मासे घेऊन पिटाळायचात. मला वाटायचं, केवढी माया भावावर!

बाबा : माया होतीच गं. लाजही होती.

लेक : आता मी काय करू? गोल हलवला, तर संध्याकाळी तुमची जागा धक्क्यावरच्या भिंतीवर. नाही हलवला, तर एखाद्या दिवशी त्या अंड्यांवरच फवारतील. तुम्हीच सांगा.

बाबा : जिनं तुला शिकवलं ती जागा माझ्या थापेपायी मरायची? हलव.

लेक : नक्की?

बाबा : हलव म्हणतो ना! पण भिंतीवर लागायच्या आधी दादाला माझ्या तोंडून कळू दे. फोन लाव. आवाज मोठा कर, मला नीट ऐकू येत नाही.

काका : हॅलो? कोण, तू होय! भरदुपारी कशी आठवण झाली?

बाबा : दादा, तो नकाशातला लाल गोल खोटा आहे. मीच खोटा सांगितला होता.

काका : …वीस वर्षं?

बाबा : वीस वर्षं.

काका : आणि तू पाठवायचास ते मासे?

बाबा : खऱ्या जागेचे.

काका : म्हणजे मी वाळूत जाळं टाकत बसलो, आणि तू बघत बसलास.

बाबा : हो.

काका : वर तुझ्या वहिनीला मी सांगायचो, भाऊ असावा तर असा.

बाबा : दादा, शिव्या घाल, पण फोन ठेवू नकोस. उद्या पहाटे होडी काढ. माझ्या मागनं ये.

काका : कसा येऊ मागनं? खडक आला की तू दिवा मालवतोस.

बाबा : उद्या नाही मालवणार.