गुप्त तळघरातली सर्दी

भर मे महिन्यात मफलर! धंतोलीच्या दवाखान्यात पदरानं वारा घेत बसलेल्या सिंधूताईंनी कान टवकारले. समोरच्या बाकावर मफलर गुंडाळून बसलेल्या मारोतरावांना शेजारचे नानाजी विचारत होते.

"काहून गा मारोतराव, उन्हाळ्यात सर्दी?"

"काय सांगू नानाजी! आमच्या ऑफिसच्या कम्प्युटरमधल्या माहितीच्या टेपा तळघरात ठेवल्या आहेत. चोवीस तास एसी. जागा एकदम गुप्त, अन् राखणदार मी."

"अजून गुप्त आहे?"

"मार्चपर्यंत होती. पारा पंचेचाळीसवर गेला, अन् पहिली चटई मीच टाकली."

"तपासणीवाले आले तं नोकरी जाईल न गा!"

"आले न मंगळवारी. चार तास झोपले. तुले म्हणून सांगतो, कोणाले बोलू नको."

कंपाउंडर बाहेर आला. "तळघरातल्या सर्दीवाले हात वर करा!"

बाकांवरून सात हात वर गेले. मारोतरावांनी मफलर नाकावर ओढला आणि आठवा वर केला.