कडेकडून चढणारा रंग

— तेच म्हणतेय मी, खोटाच आहे तो रंग. ठेवा ते भिंग खाली, डोळे कशाला फोडून घेताय? चांदीचं नाणं कागदी पाकिटात वर्षानुवर्षं पडून राहिलं की रंग कडेकडून चढतो — आधी पिवळट, मग तांबूस, मग निळा — सावकाश, दुधावर साय धरावी तसा. हे सांगायचे ना! रोज जेवताना सांगायचे, माझ्याशिवाय ऐकणारं होतं कोण? आणि ह्याच्यावर बघा, एकदम निळा, पिवळ्याचा पत्ताच नाही, वर चऱ्यांत जाऊन बसलाय. म्हणजे घासलेल्या नाण्यावर मुद्दाम चढवलेला. बरोबर ना? मग झालं तर. एवढा पारखी माणूस फसला कसा, हेच छापायचंय ना तुमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या अंकात? — फसले नाहीत हो. जाऊ दे. पाणी घ्या.

काय? छे, विकत कुठलं, घरातच झालं. हळू बोला जरा, लेक आत आहे माझी. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा हे दवाखान्यात होते, आणि हिच्या हातांना चैन नाही — बाबा घरी येतायत, खूश होतील, म्हणून भांड्यांच्या पावडरीनं नाणी घासली. सगळी! तिला वाटलं, मळच आहे; घासलं की जुन्या नाण्याची किंमतच जाते, हे तिला कुठलं ठाऊक? ह्यांनी खण उघडला, बघितलं, बंद केला. ओरडले असते तर बरं — पण नाही, फक्त तिच्याशी बोलणं टाकलं. ती शेजारी बसलेली असायची, मीठ तिच्यापुढे, आणि हे मला म्हणायचे, मीठ दे.

मग हिनं कुठून ऐकलं कोण जाणे, अंड्याच्या वाफेनं चांदीवर रंग चढतो म्हणून — अंडी उकडली, बलक कुस्करला, एका डब्यात तो आणि हे नाणं, वर झाकण गच्च. उघडलं तेव्हा घरभर वास! मी म्हटलं, अगं, काय नासवलंस? तर म्हणे, काही नाही. आणि नेमकी तुमची मंडळी घरी जमलेली असताना पाकीट ह्यांच्यापुढे धरलं — बाबा, हे एक घासायचं राहिलं होतं. तुमच्यातल्याच कुणीतरी भिंग लावलं, हसला, म्हणाला, रंग आपोआप चढलाय म्हणता हा? हे आधी नाण्याकडे बघत राहिले, मग हिच्याकडे. म्हणाले, आपोआपच. माझ्या घरात चढलाय, मला नाही कळणार? — आणि हिला म्हणाले, उभी का तू? बस.

त्यानंतर नाणी पारखायला कुणी बोलावलं नाही ह्यांना. तुम्हाला ठाऊकच असेल. रविवारी बोलावणं येईल म्हणून शर्ट घालून बसायचे, मग काढून ठेवायचे. मला तेव्हा वाईट वाटायचं. आता काही वाटत नाही — हे गेले तेव्हाही रडू आलं नाही, लोक बघत होते, मी आपली भाजी निवडत बसले.

छापा की, मी कोण अडवणार? मला वाचता येत नाही. तुमचा अंक आला की तीच वाचून दाखवते मला, पहिल्या पानापासून. तिला वाटतं, बाबा नाणं बघून हरखले, म्हणून बोलले. तेवढ्यावर उभी आहे ती. तुम्ही छापाल, आणि ती वाचेल की —

आलीस? ठेव चहा तिथं. काही नाही गं, तुझ्या बाबांचंच चाललंय. साहेब आत्ताच म्हणत होते, ह्या नाण्याचा रंग अगदी अस्सल आहे. — हो ना हो, साहेब?