बहात्तरनंतरची गाडी

...नाही, पण मला एक सांगा, एकोणीसशे बहात्तरनंतर काय जग बुडालं होतं? अमेरिकेतल्या आमच्या केनोशा गावात दर रविवारी चर्चच्या पार्किंगमध्ये जुन्या दणकट गाड्यांची रांग लागते, प्रत्येकीचं बॉनेट उघडं, मागं घडीच्या खुर्चीत एकेक म्हातारा, हातात ब्राटवुर्स्टचं सॉसेज, मोहरीचा सॉस हनुवटीवर! मी माझी स्पिरिट गाडी घेऊन गेलो, एकोणऐंशीची, अंगभर पट्टे, आणि या गावच्याच कारखान्यातली! तर रांगेचे राखणदार व्हर्न कोवाल्स्की खुर्चीतूनच ओरडले, "ए पोरा! इथं बहात्तरपर्यंतच्याच गाड्या! ते शिवणयंत्र तिकडं लाव, शौचालयापाशी!" बाकीचे खो खो. मी शाळा सोडलेली गावाला ठाऊक, म्हणून वर म्हणे, "शाळा अर्धवट, गाडीपण अर्धवट!"

अहो, तेव्हा पेट्रोल मिळेना, धुराचे नियम आले, इंजिनांचा दम गेला, मान्य. पण यात गाडीचा काय गुन्हा? बहात्तरनंतर काय जग बुडालं होतं?

लावली शौचालयापाशी. आता तुम्हाला सांगतो, म्हातारपणी तिकडं सगळ्यांनाच यावं लागतं! व्हर्न आले. जाताना थांबले. माझ्या गाडीचं दार उघडलं, दोन बोटांनी ढकललं, कान तिरका... ठक्. पुन्हा उघडलं. ठक्. मी बघतोय, हा माणूस करतोय काय? गाडी बघायची तर इंजिन बघतील ना, दाराचा आवाज कोण ऐकतं?

"काय हो आजोबा, कारखान्यात दारं तुम्ही बसवायचात का?"

"मी? छे! माझा चुलतभाऊ."

"मग कान तुम्ही का लावताय?"

दार पुन्हा एकदा लावून हळूच म्हणाले, "बरं बसलंय अजून." आणि डोळे पुसले, वर म्हणे मोहरी गेली. डोळ्यात!

म्हणजे बघा, स्वतःच्या हातांनी केलेली गाडी शौचालयापाशी, आणि डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांनी केलेली रोज पुसायची! लाज कसली वाटते यांना? मी चिडून म्हटलं, "मग घ्या ना रांगेत!"

"नियम तो नियम, बाळा. मीच केलाय. पण पुढच्या रविवारी लवकर ये."

गेलो लवकर. तर व्हर्नची खुर्ची शौचालयापाशी! शेजारी रंगकामवाला, त्याच्या शेजारी काचा बसवणारा, कारखान्यातली सगळी जुनी पाळी हजर, जो तो सांगतोय आपण काय बसवायचो ते, आणि चुलतभावाचं नाव आता व्हर्नही काढेनात! मी हॉर्न वाजवला, तर व्हर्न मागं न बघताच म्हणाले,

"पोरा, जरा रस्त्यावर लाव ना ती. इथं खुर्च्या मावत नाहीयेत!"