डावं म्हणजे कोणाचं डावं?

...अहो, डावं म्हणजे कोणाचं डावं, एवढंच विचारतोय मी गेले सहा महिने, पण एक माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ! म्हणजे बघा, रिमोटवरचं ग्लायडर. इंजिन नाही, पंखा नाही, नुसतं हवेवर तरंगणारं विमान. घरी बनवायचं, बाल्सा नावाच्या लाकडाचं, आणि ते लाकूड इतकं हलकं की मी शिंकलो आणि एक पंख कपाटाखाली गेला! तर हे विमान तुमच्यापासून लांब जात असलं की रिमोटची काठी डावीकडे ढकलायची, ते डावीकडे जातं. ठीक. आणि तुमच्याकडे तोंड करून यायला लागलं की? तीच काठी, तोच अंगठा... आणि जातं उजवीकडे! कारण त्याचं डावं म्हणजे तुमचं उजवं. आता मला सांगा, विमान अंगावर येत असताना माणसानं जीव वाचवायचा की हे गणित सोडवायचं? तीन विमानं मोडली या गणितात. तिसरं तर स्वतःच्याच स्कूटरवर आपटलं!

तेव्हा बायको म्हणाली, अगदी शांतपणे... ती शांत झाली की मला घाम फुटतो... "अहो, हे चौथं मोडलं ना, तर मागची खोली रिकामी करायची. दादा राहील तिथे." दादा म्हणजे माझा मेहुणा. बदली होऊन आलाय, घर शोधतोय, म्हणजे आमच्या सोफ्यावर बसून शोधतोय. माझी खोली हो ती! माझं टेबल, माझे डिंकाचे डाग, दारावर सुकत घातलेले पंख... दिवसभर साहेबाचं ऐकून आल्यावर जगात एवढी एकच जागा आहे जिथे मला कोणी काही विचारत नाही. ती गेली तर मी जाऊ कुठे?

तर रविवारी चौथं घेऊन मैदानावर. बायको सोबत, साक्षीदार म्हणून! आम्हाला शिकवतात ते दातांचे डॉक्टर. सवय जात नाही हो त्यांची. "घाबरायचं नाही, काही होत नाही, झालंच बघा..." असं म्हणत त्यांनी विमान फेकलं. आणि तुम्हाला सांगतो, ते पडेचना! खालून गरम हवा लागली म्हणे, तिच्यावर बसून वर, आणखी वर! माझी सगळी तयारी पडण्याची, वर जाण्याची कोणी केली होती? डॉक्टर ओरडतायत, "डावीकडे घ्या, डावीकडे!" मी म्हटलं, "कोणाच्या डावीकडे?" "विमानाच्या!" "त्याचं तोंड कुठेय?" "ते तुम्हाला माहीत!" घ्या!

तेवढ्यात उन्हानं डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर मिटले, उघडले तर... होतं. काळा ठिपका. आणि काय सांगू, इतकं सुंदर उडत होतं! मी काठी डावीकडे, ते डावीकडे. धरून ठेवली, गोल फिरलं. परत गोल. येताना-जाताना, डावं-उजवं, काही भानगडच नाही! डॉक्टर मागून काहीतरी ओरडत होते, पण मी ऐकतोय कशाला? मला रडू यायला लागलं हो, खरंच. वाटलं, जमलं आपल्याला!

आणि त्या विमानानं पंख फडफडवले.

पंख... फडफडवले! घार होती ती! इतका वेळ मी घार उडवत होतो! मग ती माझं ऐकत का होती? तिची मर्जी! मग माझं विमान कुठे? कोणाच्या डावीकडे?

मागून टाळ्या. वळून बघतो तर बायको, आणि तिच्या पायाशी गवतात माझं विमान, अख्खं! ओरखडासुद्धा नाही! काठी डावीकडे धरलेली, त्यामुळे ते बिचारं गोल गोल फिरत आपलं आपण उतरलं होतं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही तर न बघता उतरवलंत!" इतक्या कौतुकानं ती माझ्याकडे कधी... मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावणारा माणूस, पण स्वतःचं मिटून घेतलं बिचाऱ्यानं. मीही मिटलं. खोली वाचली ना!

कसली वाचली! घरी जाऊन ती भावाला म्हणते, "दादा, यांना विमानाकडे पाठ फिरवून उतरवता येतं!" तो सोफ्यावरूनच म्हणतो, "असं? मग भावजी, येत्या रविवारी मलाही दाखवा. मग ठरवू खोलीचं."

तर रविवारी तो येतोय. विमान तयार आहे, रिमोटची बॅटरी चार्ज आहे, डॉक्टर गप्प आहेत. पण मला सांगा... घार कुठनं आणू?